आकाशातील खुणा आणि त्यांची नावे

विमानांना मार्ग दाखविण्यासाठी जमिनीवर उभारलेली रेडिओ-साधने आणि जुन्या पद्धतीची रडार-यंत्रे गेली सुमारे तीस वर्षे जगभर एकामागून एक निवृत्त होत आहेत. महासागरांवरील दूर पल्ल्याच्या मार्गदर्शनासाठी असलेली 'ओमेगा' ही पद्धती ३० सप्टेंबर १९९७ रोजी बंद झाली. अमेरिकेने 'लोरान-सी' २०१० मध्ये बंद केली, आणि आपल्या सुमारे नऊशे व्ही. ओ. आर. केंद्रांची संख्या २०३० पर्यंत सहाशेच्या आत आणण्याचे त्याच देशाने ठरविले आहे. भारतातही एन. डी. बी. या नावाने ओळखले जाणारे जुने बीकन अनेक विमानतळांवरून टप्प्याटप्प्याने काढून घेण्यात आले. हा विषय वस्तुतः अभियांत्रिकीचा. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने त्यात का पडावे, असे कोणी विचारील. परंतु ही साधने म्हणजे चिन्हेही होत, आणि चिन्हाचा विचार हे आपल्या शास्त्राचे क्षेत्र आहे. एखादे चिन्ह आपण कोणत्या आधारावर खरे मानतो, आणि ते काढून घेतले असता तो आधार कोठे जातो, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात तपासावयाचा आहे.

प्रश्न दूरचा वाटू नये म्हणून प्रथम आपल्या परिसराकडे पाहू. नकाशावर औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, विमानतळापासून मुंबईच्या विमानतळापर्यंत पट्टी ठेवून सरळ रेघ ओढली, तर ती अकोले गावाच्या थोडी दक्षिणेकडून जाऊन जवळजवळ हरिश्चंद्रगडावरच सह्याद्री ओलांडते. या तालुक्याच्या सीमेवरील कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच, हरिश्चंद्रगड १४२४ मीटर. घाट संपला की कोकणची भूमी एकदम समुद्रसपाटीजवळ येते. पूर्वेकडून मुंबईला उतरणाऱ्या वैमानिकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, डोंगर जवळजवळ अखेरपर्यंत त्याच्या वाटेत असतात आणि मग एकाएकी संपतात. जेट विमान मिनिटाला दहा-बारा किलोमीटर अंतर कापते. आपण घाट ओलांडला आहे की नाही, या एका बाबतीत चार-पाच मिनिटांची चूक झाली तरी ती पुरेशी असते.

अशी चूक एकदा झालेली आहे. ७ जुलै १९६२ रोजी, मध्यरात्र नुकतीच उलटून गेली असता, सिडनीहून बँकॉकमार्गे मुंबईस येणारे आलितालिया कंपनीचे डी. सी.-८ जातीचे विमान जुन्नरच्या वायव्येस एका डोंगरावर आदळले. मुंबई तेथून सुमारे ८४ किलोमीटर दूर होती. विमानातील ९४ जणांपैकी कोणीही वाचले नाही. आपण मुंबईच्या अधिक जवळ आलो आहोत असा वैमानिकाचा समज झाला, आणि त्या समजापोटी विमान वेळेआधीच खाली आणले गेले, असा निष्कर्ष भारतीय चौकशीत निघाला. त्याच्या जोडीला जी कारणे देण्यात आली, त्यांतील एक आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे: जमिनीवरील जी मार्गदर्शक साधने उपलब्ध होती, त्यांचा उपयोग करून विमानाचे स्थान पडताळून पाहिले गेले नाही. म्हणजे खुणा होत्या, पण त्यांची साक्ष काढली गेली नाही. (मुंबईच्या पावसाळी आकाशाचा हा पहिला बळी नव्हे. १२ जुलै १९४९ रोजी डच कंपनीचे कॉन्स्टेलेशन विमान घाटकोपरच्या टेकडीवर आदळून ४५ जण मृत्यू पावले होते.)

आता या खुणांचे स्वरूप पाहू. १९३२ च्या ऑक्टोबरात जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, त्या काळी वैमानिक लोहमार्ग, नद्या आणि किनारा पाहून वाट काढीत असत. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलात जाई, तेव्हा पुण्याला येरवड्यास उतरावे लागे. दृष्टीला दिसणारी खूण ढगांत नाहीशी होते, म्हणून कानाला ऐकू येणारी खूण शोधण्यात आली. एन. डी. बी. ही त्यांतील सर्वांत साधी. एक मनोरा सर्व दिशांना सारखीच रेडिओलहरी सोडीत असतो. विमानातील यंत्राचा काटा ती लहर ज्या दिशेने येते त्या दिशेकडे वळतो. चार्ल्स पर्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने चिन्हांचे जे वर्गीकरण केले, त्यांत अशा चिन्हाला निर्देशक म्हणतात: धूर जसा अग्नीकडे बोट दाखवितो, तसा हा काटा मनोऱ्याकडे.

मात्र या काट्याला कोणीही भुलवू शकते. जवळ वीज कडाडत असेल तर तो बीकन सोडून मेघांकडे वळतो. रात्री आकाशातील वरच्या थरांवरून परतलेल्या लहरी मूळ लहरींत मिसळून त्याला अस्थिर करतात. किनारा ओलांडताना लहर वाकते. डोंगरावरून परावर्तित झाली तरी दिशा चुकते. वादळ, रात्र, किनारा आणि डोंगर ही चारही कारणे एकाच ठिकाणी हवी असतील, तर जुलै महिन्यातील रात्री मुंबईच्या परिसराइतके सोयीचे स्थळ क्वचित् सापडेल. एन. डी. बी. च्या निवृत्तीबद्दल शोक करण्याचे कारण नाही, असे माझे मत आहे ते यामुळे.

व्ही. ओ. आर. ची गोष्ट निराळी. त्याचे तत्त्व समजण्यास एका कल्पित दीपस्तंभाचा दृष्टांत उपयोगी पडेल. या स्तंभावर एक झोत सारख्या वेगाने फिरत आहे, आणि तो बरोबर उत्तरेकडे वळला की त्याच क्षणी दुसरा एक दिवा सर्व दिशांना एकदम लुकलुकतो. तो लुकलुकलेला दिसल्यापासून फिरता झोत आपल्या डोळ्यांवर येईपर्यंत किती वेळ गेला, हे मोजले की आपण स्तंभाच्या कोणत्या दिशेस आहोत ते कळते. व्ही. ओ. आर. मध्ये ही फेरी सेकंदाला ३० वेळा होते आणि वेळाच्या जागी दोन कंपनांतील कलेचा फरक मोजला जातो. फरक ९० अंश असला म्हणजे विमान केंद्राच्या पूर्वेस आहे. अंतर सांगण्यासाठी त्याच्या शेजारी बहुधा डी. एम. ई. हे दुसरे यंत्र असते. विमान स्पंदांच्या रूपाने प्रश्न विचारते, केंद्र ५० मायक्रोसेकंद थांबून उत्तर देते, आणि गेलेल्या वेळावरून अंतर निघते. एकाच वेळी अनेक विमाने प्रश्न विचारीत असली तरी गोंधळ होत नाही, कारण प्रत्येक विमान आपल्या स्पंदांची लय थोडी अनियमित ठेवते आणि उत्तरांच्या गर्दीतून फक्त त्या लयीची उत्तरे उचलून घेते. गर्दीत ओळखीचा आवाज ऐकू येतो, त्याचेच हे यांत्रिक रूप म्हणावयास हरकत नाही.

परंतु भाषाभ्यासकाला सर्वांत चित्तवेधक वाटावी अशी गोष्ट या यंत्रांच्या मापनात नाही, त्यांच्या आत्मनिवेदनात आहे. प्रत्येक केंद्र आपले नाव मोर्सच्या लिपीत अर्ध्या मिनिटाच्या आत पुनःपुन्हा उच्चारीत असते. मुंबईच्या व्ही. ओ. आर. चे नाव 'बी बी बी': एक लांब आणि तीन आखूड ध्वनी, असे तीनदा. औरंगाबादचे 'ए ए यू', नागपूरचे 'एन एन पी'. वैमानिकाने वारंवारता लावली, काटा स्थिर झाला, एवढ्याने काम भागत नाही. कानाने नाव ऐकून ते नकाशावरील नावाशी जुळले, तरच त्या काट्यावर विश्वास ठेवावयाचा असा दंडक आहे. आजच्या वैमानिकाला मोर्स पाठ असतेच असे नाही; म्हणून नकाशावर नावाशेजारी ठिपके आणि रेघाही छापलेल्या असतात. याहूनही सूचक अशी एक प्रथा आहे. केंद्राची दुरुस्ती चालू असेल तर लहरी चालू असूनही त्यांतून नाव काढून टाकतात. काटा दिशा दाखवील, पण नाव ऐकू येणार नाही. आणि नाव नाही म्हणजे त्या दिशेवर विसंबू नये. मौनाला इतका नेमका अर्थ दिलेली दुसरी संकेतव्यवस्था मला माहीत नाही.

या नावांचे आणखी एक वैशिष्ट्य ओझरते सांगितले पाहिजे. बॉम्बेचे अधिकृत नाव १९९५ मध्ये मुंबई झाले, औरंगाबादचे २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर, आपल्या जिल्ह्याचे २०२४ मध्ये अहिल्यानगर. परंतु 'बी बी बी' आणि 'ए ए यू' यांना त्याचा धक्का लागला नाही. ही संकेतनावे जन्माला आली तेव्हा सहेतुक होती, आज ती सोस्यूरच्या अर्थाने यादृच्छिक झाली आहेत. आणि यादृच्छिक झाली म्हणूनच टिकली. ध्वनिपरिवर्तनाने व्युत्पत्ती पुसली गेलेल्या शब्दांचे जे होते, तेच येथे राजपत्रातील एका अधिसूचनेने झाले.

रडारकडे वळताना आपल्याच न्यायशास्त्रातील परिभाषा हाताशी घेतली, तर पुढील विवेचन सोपे होईल. जुने प्राथमिक रडार लहर सोडते आणि विमानाच्या पत्र्यावरून परतलेला प्रतिध्वनी टिपते. हे प्रत्यक्ष प्रमाण. विमानाची इच्छा असो वा नसो, ते दिसते. मात्र कोण आहे ते कळत नाही, आणि पाऊस, डोंगर, पक्ष्यांचे थवे हेही त्याच्याबरोबर दिसतात. त्यानंतर आलेले दुय्यम रडार प्रश्न विचारते, आणि विमानातील ट्रान्सपाँडर उत्तर देतो. या उत्तराची भाषा चार अंकांची. अंक फक्त ० ते ७. म्हणून एकूण शब्दसंग्रह ४०९६ शब्दांचा. त्यांतील काही शब्दांना कायमचे अर्थ आहेत: ७५०० म्हणजे अपहरण, ७६०० म्हणजे रेडिओ निकामी, ७७०० म्हणजे संकट. तिसरी पायरी ए. डी. एस.-बी. हिची. येथे कोणी विचारण्याचीही गरज नाही. विमान उपग्रहांवरून आपले स्थान ठरविते आणि ते सेकंदाला सुमारे दोनदा सर्वांना ऐकू जाईल असे जाहीर करीत राहते. जमिनीवर त्यासाठी फिरते अँटेना नको, लहानसा ग्राहक पुरतो. खर्च कमी आणि स्थान अधिक सूक्ष्म. पण प्रमाणशास्त्राच्या दृष्टीने पाहता आपण प्रत्यक्षाकडून शब्दप्रमाणाकडे आलो. शब्दप्रमाणाची कसोटी वक्त्याच्या आप्तत्वात असते. वक्ता प्रामाणिक असून स्वतःच फसला असेल, तर त्याचे वाक्य निष्कपट असूनही असत्य ठरते. आणि वक्ता गप्प झाला तर काहीच उरत नाही. ८ मार्च २०१४ रोजी मलेशियन कंपनीचे एम. एच. ३७० हे विमान नागरी नियंत्रकांच्या पडद्यावरून नाहीसे झाले ते ट्रान्सपाँडरचे उत्तर थांबल्यामुळे. त्यानंतर ते पश्चिमेकडे वळले हे कळले, ते लष्कराच्या प्राथमिक रडारने टिपलेल्या निनावी प्रतिध्वनींवरून.

ही साधने निवृत्त का करतात, याची कारणे सबळ आहेत, आणि केवळ जुन्याच्या ममतेने ती नाकारता येणार नाहीत. व्ही. ओ. आर. ला सभोवती मोकळी जागा लागते. शहर वाढले की भोवतालच्या इमारती त्याच्या लहरी बिघडवितात. जुन्या यंत्रांचे सुटे भाग दुर्मीळ होतात. शिवाय केंद्रावरून केंद्राकडे उडावे लागल्यामुळे मार्ग वाकडा होतो आणि इंधन व्यर्थ जाते. उपग्रहांनी ही सर्व बंधने सैल केली. भारतीय अंतराळ संशोधन संस्था आणि भारतीय विमानपत्तन प्राधिकरण यांनी मिळून 'गगन' ही पद्धती उभारली. भूचुंबकीय विषुववृत्त आपल्या देशाजवळून जात असल्यामुळे येथील आयनांबरात उपग्रहांच्या संकेतांना फार अडथळा येतो. त्याची दुरुस्ती करून ती भूस्थिर उपग्रहांद्वारे विमानांना पुरविणे हे 'गगन'चे काम. मार्गक्रमणासाठी तिला २०१३ च्या अखेरीस आणि उतरण्याच्या मार्गदर्शनासाठी २०१५ मध्ये मान्यता मिळाली. २८ एप्रिल २०२२ रोजी राजस्थानातील किशनगढ येथे इंडिगोचे ए. टी. आर. विमान तिच्या साहाय्याने उतरले. आपल्या जिल्ह्यातील शिर्डीच्या विमानतळासारख्या (काकडी येथील हे विमानतळ २०१७ मध्ये सुरू झाले) लहान ठिकाणी मोठी यंत्रे उभारण्याच्या खर्चाशिवाय असे मार्गदर्शन देता येणे, हा लाभ लहान नव्हे.

उपग्रहांच्या युगात खुणेचे नाव मात्र पूर्णपणे बदलते. जेथे जमिनीवर साधन नाही अशा बिंदूला पाच रोमन वर्णांचे, उच्चारता येईल असे, जगात अद्वितीय नाव द्यावे असा आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा नियम आहे. व्ही. ओ. आर. च्या संकेतनावाला ११०० किलोमीटरच्या आत पुनरावृत्ती नसली म्हणजे पुरते. या पाच वर्णांच्या नावांना तीही सवलत नाही. आता 'उच्चारता येईल असे' म्हणजे कोणाला, हा प्रश्न आपल्या विद्यार्थ्यांनी अवश्य विचारावा. आपल्याच गावाचे नाव कल्पनेने या चौकटीत बसवून पाहू. 'अकोले' हे देवनागरीत तीन अक्षरांचे, रोमन लिपीत मात्र नेमक्या पाच वर्णांचे. नियमाच्या अर्ध्या भागात ते चपखल बसते. परंतु अंत्य 'ए' चा उच्चार इंग्रजी वळणाचा वाचक करीलच असे नाही. तो 'अकोल' असेही वाचील. आणि विदर्भातील 'अकोला' एकाच वर्णाने निराळे. त्या शहरालाही विमानतळ आहे. गोंगाटाच्या रेडिओवर शेवटचा स्वर किती ऐकू येणार? मराठीत तर हा घोटाळा मुळातच आहे. अकोले नपुंसकलिंगी, अकोला पुल्लिंगी, पण सामान्यरूपात दोहोंचे 'अकोल्या-' होते. 'अकोल्याहून आलो' या वाक्यावरून कोणते गाव ते मराठी माणसालाही संदर्भाशिवाय कळत नाही. म्हणून अशी नावे ठरविताना मूळ गावाशी नाते तोडून निरर्थक पण सुश्राव्य वर्णसमूह पसंत केले जातात, याचे नवल वाटावयास नको.

मूलभूत फरक याच्याही पलीकडे आहे. 'बी बी बी' हे नाव उच्चारणारी वस्तू जमिनीवर उभी आहे. पाच वर्णांचा बिंदू स्वतः काहीच बोलत नाही. तो अक्षांश-रेखांशांचा एक करार आहे, आणि तेथे पोहोचल्याची ग्वाही विमानातील संगणकच देतो. पूर्वी स्थान आपले नाव सांगे आणि वैमानिक ते ऐके. आता स्थानाच्या वतीने यंत्र बोलते. यंत्राचे ऐकणे जोपर्यंत निर्दोष आहे तोपर्यंत या फरकाला व्यवहारात किंमत नाही.

ते नेहमी निर्दोष नसते. जी. पी. एस. चे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत आणि त्यांच्या प्रक्षेपकाची शक्ती घरातील मोजक्या दिव्यांइतकी. जमिनीजवळ पोहोचेपर्यंत तो संकेत अत्यंत क्षीण होतो. त्याला दाबणे सोपे असते. दाबण्याचेही दोन प्रकार आहेत. एक नुसता गोंगाट: त्यात संकेत हरवतो आणि हरवल्याचे कळतेही. दुसऱ्याला इंग्रजीत स्पूफिंग म्हणतात: व्याकरणदृष्ट्या बिनचूक, पण आशयाने खोटा असा संकेत पाठविणे. हा दुसरा प्रकार अधिक घातक, कारण त्यात ऐकणाऱ्याला संशयाचे निमित्तच मिळत नाही. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात भारताच्या सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मू यांच्या परिसरात, अशा व्यत्ययाच्या ४६५ घटना नोंदल्या गेल्याचे सरकारने संसदेत सांगितले. २०२५ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या विमानतळाजवळही तसे घडले. डिसेंबरात राज्यसभेत दिलेल्या उत्तरातील तपशील बोलका आहे. धावपट्टी क्रमांक १० कडे उपग्रहाधारित पद्धतीने उतरणाऱ्या काही विमानांना खोटे संकेत मिळाले आणि त्यांच्यासाठी पर्यायी कार्यपद्धती वापरावी लागली. जेथे जमिनीवरील पारंपरिक साधने चालू होती, त्या टोकांकडील उड्डाणांवर परिणाम झाला नाही. ज्या विमानतळांवरून अशा तक्रारी आल्या, त्यांच्या यादीत मुंबईचेही नाव होते.

त्याच उत्तरात सांगितले आहे की, जमिनीवरील साधनांचे किमान आवश्यक जाळे भारत राखून ठेवीत आहे. अमेरिकेने सहाशेच्या आत का होईना पण व्ही. ओ. आर. ठेवले, तेही याच विचाराने. प्रश्न उरतो तो 'किमान' या शब्दाचा. हिशेब केंद्रांच्या संख्येवर किंवा त्यांच्यातील अंतरावर करणे प्रशासनाला सोयीचे असते. माझ्या मते तो प्रमाणांच्या स्वातंत्र्यावर केला पाहिजे. विमानातील जी. पी. एस., ए. डी. एस.-बी. चे आत्मनिवेदन आणि संगणकाने दाखविलेला पाच वर्णांचा बिंदू ही दिसावयास तीन साधने. पण तिघांचा उगम एकच असल्याने ती एकच साक्ष होय. तिन्ही एकमेकांना दुजोरा देतील आणि तिन्ही एकदम चुकतील. त्यांच्याशेजारी एक व्ही. ओ. आर. किंवा एक प्राथमिक रडार उभे असेल, तर साक्षीदार दोन होतात. मैदानी प्रदेशात दुसऱ्या साक्षीदारावाचून भागेलही; जेथे सह्याद्रीसारखी भिंत उतरण्याच्या वाटेत आहे तेथे तो जाळ्याच्या कागदी अंतरात बसत नाही म्हणून काढून घेणे मला धोक्याचे वाटते. पूर्वेकडून मुंबईस येणारी वाट या दृष्टीने तपासली जावी.

या विषयात काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक व्यावहारिक सूचना. या सर्व नावांची अधिकृत नोंद भारतीय विमानपत्तन प्राधिकरणाच्या वैमानिकी माहिती-संग्रहात असते, आणि तीतील महत्त्वाचे फेरफार २८ दिवसांच्या ठरावीक चक्राने अमलात येतात. फेरफाराबरोबर कोणती जुनी पाने काढून टाकावयाची याची सूचना असते. केंद्र बंद झाले की त्याचे नाव त्या पानांबरोबर जाते; तो बिंदू मार्गावर राहिलाच तर पुढील पानावर पाच वर्णांचा होऊन येतो. ही काढलेली पाने कोणी क्रमाने जमविली, तर गेल्या काही दशकांत महाराष्ट्राच्या आकाशातील कोणती स्थलनावे गेली आणि त्यांच्या जागी कोणती आली, याची तारीखवार यादी तयार होऊ शकेल.